गाव सुटलं, भाऊबंद तुटले. आता शोधायचे कुठून?

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे आजोबा 1940 च्या आसपास संगमेश्वर तालुक्यातून मुंबईत आले आणि परळच्या गिरणीत लागले. आजोबांचा धाकटा भाऊ गोदीत की बोटीवर कामाला होता, 1944 नंतर त्याची काहीच खबर नाही. आजोबा गेल्यावर गावाला जाणं बंद झालं. वडील आता 81 वर्षांचे आहेत. त्यांना एकदा गाव बघायचं आहे, कोणी चुलत-मावस उरलं असेल तर भेटायचं आहे. पण गावाचं नाव घरात कोणालाच नक्की आठवत नाही. आडनाव ‘-कर’ लागणारं, आणि त्या नावाचं गाव संगमेश्वरात सापडत नाही. फेसबुकवर आडनाव टाकून शंभर लोकांना विचारून झालं. आता डीएनए चाचणी करावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मी महसूल खात्यात 34 वर्षं काढली, त्यातली बहुतेक रत्नागिरी जिल्ह्यात. तलाठी म्हणून लागलो, अव्वल कारकून होऊन निवृत्त झालो. मोडी वाचता येते म्हणून आता अशीच तुटलेली घराणी कागदांवरून जुळवून देतो. तुमच्यासारखी माणसं माझ्याकडे येतात तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगतो, की आडनावाच्या मागे धावणं आधी थांबवा.

कोकणातल्या कष्टकरी घरांना आजोबांच्या पिढीत गावात आडनाव फारसं लागतच नसे. ‘राघो सखाराम’ म्हटलं की माणूस कळला. आडनाव लागलं ते मुंबईत, गिरणीच्या गेटवर नाव घालताना नाहीतर पोराला शाळेत घालताना. समोरच्यानं विचारलं आणि जे तोंडात आलं ते कायमचं चिकटलं. कोणी गावाचं नाव सांगितलं, कोणी वाडीचं, कोणी शेजारच्या मोठ्या गावाचं, कारण ते लोकांना ठाऊक असायचं. कधी सात पिढ्यांमागे जिथून पूर्वज उठून आला त्या गावाचं नावही आडनावात राहतं. त्याच वेळी गावात राहिलेल्या सख्ख्या भावाच्या मुलांनी तिसरंच आडनाव लावलेलं असतं. म्हणून फेसबुकवरचे ते शंभर जण तुमचे कोणी नसण्याची शक्यताच जास्त, आणि जे तुमचे आहेत ते वेगळ्या आडनावानं वावरत असतील.

तुम्हाला हवं आहे ते गावाचं आणि वाडीचं नाव. ते बहुतेक वेळा घरातच पडून असतं.

माळ्यावरची जुनी तांब्या-पितळेची भांडी खाली काढा. घंगाळ, परात, कळशी, तांब्या, काहीही. लग्नात आहेर दिला की भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे रीत होती. परळच्याच एका कुटुंबाचं गाव मी असंच शोधलं. त्या घरात पन्नास वर्षं एक परात वापरात होती, तिच्यात रोज कणीक मळत होते. काठाला काहीतरी टिपक्याटिपक्यांचं कोरलेलं आहे एवढंच त्यांना माहीत होतं. चिंच लावून घासली, उन्हात तिरपी धरली, आणि अक्षरं उमटली: मुलीचं नाव, ‘मामाकडून’, मामाच्या गावाचं नाव, शके 1869. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ते लग्न 1947-48 मधलं. आजीचं माहेर कळलं, आणि माहेरच्या माणसांना ती कोणत्या गावी दिली होती हे आजही पाठ होतं.

भांड्यांनंतर कागद. गिरणीचं हजेरी कार्ड, ई.एस.आय.चं कार्ड, फंडाचे कागद, मनीऑर्डरच्या पावत्या, लग्नपत्रिका, जुनी पोस्टकार्डं. पोस्टकार्डावरचा मजकूर राहू दे, आधी शिक्का वाचा. गावात पोस्ट नसलं तरी जवळच्या पोस्टाचं नाव शिक्क्यात असतं, आणि त्यावरून शोध दहा-बारा गावांवर येतो.

मग वडिलांशी बोला, पण ‘बाबा, गाव कोणतं?’ असं विचारू नका. ते त्यांना आठवत नाही म्हणून तर हा शोध आहे. वेगळं विचारा. लहानपणी गावाला जाताना बोटीतून कुठे उतरायचात? जयगडला उतरणारा आणि रत्नागिरीला उतरणारा माणूस सहसा एका टापूतला नसतो. बाजार कुठला होता, माखजन, फुणगूस, साखरपा की देवरूख? नदी ओलांडावी लागायची का? शिमग्यात पालखी कोणत्या देवीची यायची, वाघजाई, सोमजाई, जाखमाता, की केदारलिंगाची? आजी कोणाच्या नावानं नारळ ठेवायची? घराण्याचं देवक काय? ग्रामदेवता, बाजार आणि बंदर ही तीन कळली की तालुक्याचा नकाशा पाच-सात गावांवर येतो. वयाचा अंदाज घ्यायचा तर साल विचारू नका, घटना विचारा. जुनी माणसं ‘रामदास बोट बुडाली त्या साली’ असं सांगतात, ते 17 जुलै 1947. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा’ म्हणाले तर 11 डिसेंबर 1967. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. पहिल्या खेपेला चार नावं येतात, दोन दिवसांनी झोपेतून उठून माणूस पाचवं सांगतो.

घरात बाबांपेक्षा वयानं मोठी एखादी आत्या असेल तर आधी तिच्याकडे जा. कोणाची मुलगी कुठे दिली हे बायकांना पाठ असतं. पुरुषांना बांध आठवतात.

याच्या जोडीला मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ. लालबाग-परळ भागात कोकणातल्या गावागावांच्या खोल्या होत्या, काही अजून आहेत. गावाहून आलेला गडी आधी तिथे वळकटी टाकायचा. या मंडळांकडे वर्गणीच्या वह्या असतात. गावाचं देऊळ बांधायला, शाळेला कौलं घालायला कोणी किती रुपये दिले, वाडीवार लिहिलेलं असतं. पाच-सात गावांवर आलात की त्या गावांची मंडळं शोधा आणि 1940 ते 1960 ची वर्गणीची वही बघायला मागा. सरकारी कागदात नसलेला गिरणी कामगार तिथे हमखास सापडतो.

आता कागदपत्रं. संगमेश्वर तालुक्याचं तहसील कार्यालय देवरूखला आहे. लोक संगमेश्वरला उतरून दिवस फुकट घालवतात. पण जाण्याआधी घरबसल्या बरंच होतं. शासनाच्या ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर गाव निवडून नावानं सातबारा शोधता येतो. ‘आपले अभिलेख’ या शासनाच्या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार (म्हणजे जमिनीवरच्या नावांत झालेल्या बदलांच्या नोंदी) आणि सातबारे स्कॅन करून ठेवलेले आहेत, थोडी फी भरून बघता येतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण याच ठिकाणी लोक हात टेकतात. आजोबांचं नाव सातबाऱ्यावर सापडणार नाही, असं धरूनच चला. एकत्र कुटुंबात थोरल्या भावाचं नाव लागायचं आणि त्याच्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.पु.’ असं लिहिलेलं असायचं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, एकत्र कुटुंब पुढारी. धाकटे भाऊ मुंबईला गेले, त्यांचा हक्क त्या तीन अक्षरांत राहिला. म्हणून आजोबांना शोधू नका, त्यांच्या थोरल्या भावाला शोधा, वडिलांना शोधा, चुलत्याला शोधा. मालकाच्या रकान्यात कोणीच नसेल तरी उतारा बाजूला टाकू नका, ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. रत्नागिरी हा खोतीचा मुलूख, म्हणजे गावचा सारा सरकारसाठी खोत गोळा करायचा. खोती 1949 च्या कायद्यानं गेली, पण त्याआधी जमीन खोताच्या नावावर आणि कसणारा कुळ म्हणून, अशीच बहुतेक घरं होती. कुळाची नावं त्या रकान्यात असतात.

सातबारा म्हणजे आजची स्थिती. घराण्याची गोष्ट फेरफारात असते, म्हणजे गाव नमुना सहामध्ये. सातबाऱ्यावर नावाशेजारी कंसात जे आकडे दिसतात ते फेरफारांचे नंबर. एक एक करत मागे जायचं. त्यातला सोन्यासारखा कागद म्हणजे वारसाचा फेरफार. ‘खातेदार अमुक मयत, त्यांस वारस: मुलगा अमुक, मुलगी अमुक राहणार अमुक गाव, पत्नी अमुक, सबब वारस नोंद केली’. खाली मंडळ अधिकाऱ्याची सही. 1956 चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतरच्या नोंदींत मुलींची नावं सासरच्या नावागावासकट सापडतात. वंशावळ लिहिणारे मुलींना वगळतात, फेरफार वगळत नाही. जिवंत नातेवाईक हवे असतील तर याच मुलींच्या सासरी जा. मी जुळवून दिलेल्या घरांपैकी निम्म्याहून अधिक घरं अशा एखाद्या आत्येच्या नाहीतर आतेभावाच्या दारातून उघडली. काही नोंदींत ‘मुंबईस आहे’ किंवा ‘परागंदा’ असा शेरा दिसेल. तो वाचून वाईट वाटतं, पण तोच तुमचा माणूस असू शकतो, तेव्हा त्या नोंदीची नक्कल घ्या.

जुन्या नोंदींतले काही शब्द अडतील. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘कोम’, ‘भ्रतार’, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको. 1950 च्या आधीचं बरंच लेखन मोडीत आहे. मोडी घाबरण्यासारखी नाही. पुराभिलेख विभाग तिचे वर्ग घेतो, आणि जिल्ह्याच्या गावी पैसे घेऊन वाचून देणारे जाणकार असतात. वाचून घेताना मूळ प्रत समोर ठेवा आणि नावं दोनदा वाचायला सांगा.

जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना चौदामध्ये, तहसीलच्या अभिलेख कक्षात. कोर्ट फी स्टॅम्प लावून नकलेचा अर्ज द्यायचा. 1918 च्या पावसाळ्याअखेरीची पानं कोणत्याही गावची उघडली तर माझे हात अजून थांबतात. इन्फ्लुएन्झाची साथ. एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू असलेल्या गावात पानंच्या पानं भरलेली, कारणाच्या रकान्यात ओळीनं ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’. एका घरातली आई, दोन मुलं आणि सासू आठ दिवसांत. अनेक घराण्यांची फांदी तिथेच तुटली आहे. पुढच्या कागदांत एखादा भाऊ अचानक दिसेनासा झाला तर आधी ते साल बघा.

शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका. गावची प्राथमिक शाळा जुनी असेल तर आजोबांच्या भावांची नावं, जन्मतारीख आणि जात तिथे मिळते. मुख्याध्यापकांना रीतसर अर्ज द्या, चहाच्या वेळेला जा, घाई करू नका.

आणखी एक सोपा मार्ग लोकांच्या डोक्यातच येत नाही. तुमच्या भाऊबंदांपैकी कोणी ना कोणी जात पडताळणी केलेली असणार. त्यासाठी 1950, 1961 किंवा 1967 च्या आधीचे पुरावे लागतात, म्हणून त्यांनी पणजोबापर्यंतचे कागद काढलेले असतात आणि प्रतिज्ञापत्रावर वंशावळ लिहून दिलेली असते. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानंतर कुणबी नोंदींसाठी गावोगावचे जुने दप्तर तपासलं गेलं, आणि कित्येक जिल्ह्यांनी सापडलेल्या पानांची छायाचित्रं आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहेत. तुमची जात कोणतीही असो, ती पानं गाववार चाळून बघा.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांबद्दल लोक मला नेहमी विचारतात. नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या घरातलं कोणी अस्थी घेऊन, श्राद्धाला कधी गेलं असेल, तर उपाध्यायांच्या नामावळीत नोंद असण्याची शक्यता आहे. ‘रत्नागिरी जिल्हा, संगमेश्वर तालुका कोणाकडे?’ असं विचारत जायचं. नोंद मिळाली तर पूर्वजांची नावं बघून हरखून जाल, पण आधी शेवटची नोंद बघा. शेवटचा कोण येऊन गेला, कधी, पत्ता काय दिला. तो माणूस जिवंत असू शकतो. तुमचीही नोंद तिथे लिहून या, मुलींच्या नावासकट.

आता पडताळणी, कारण इथे मी स्वतः चुकलो आहे. या कामाला लागलो त्या दुसऱ्याच वर्षी एका कुटुंबाला मी चुकीच्या गावात नेलं. गावाचं नाव तेच, आजोबा-पणजोबांची नावं तीच, तालुका शेजारचा. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे राघो सखाराम, सखाराम राघो, पुन्हा राघो सखाराम अशी साखळी घरोघर असते. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी परक्याच्या देव्हाऱ्यापुढे डोकं टेकलं आणि चार महिन्यांनी कळलं की ते आपलं घर नव्हे. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: सलग तीन पिढ्यांची नावं, त्यांच्याबरोबर एका तरी बाईचं नाव किंवा तिचं माहेर, आणि कागदाच्या बाहेरची एक खूण, म्हणजे देवक, कुलदैवत किंवा पालखीतला मान. हे सगळं जुळल्याशिवाय मी कोणाला ‘हे तुमचं घर’ असं सांगत नाही.

धाकट्या आजोबांचं वेगळं बोलतो. 1944 आणि गोदी हे दोन शब्द एकत्र आले की मला 14 एप्रिल 1944 आठवतो. व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळ्यानं भरलेली ‘फोर्ट स्टिकिन’ बोट उडाली, शेकडो माणसं गेली, आणि गोदी कामगारांपैकी अनेकांची ओळखही पटली नाही. त्यांचं शेवटचं पत्र किंवा मनीऑर्डर त्या तारखेच्या आधीची की नंतरची, एवढं बघा. आधीची असेल तर ती शक्यता मनात धरावी लागेल. नंतरची असेल किंवा ते बोटीवर होते असं ठरलं, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या हिंदी खलाशांची नावं त्यांच्या यादीत आहेत, आणि कित्येकांपुढे वडिलांचं नाव आणि गावही दिलेलं आहे. इंग्रजी स्पेलिंग दहा तऱ्हांनी करून पाहा. ‘राघो’चं ‘रागू’ सहज झालेलं असतं. एखादा बोटीवरून परदेशी बंदरात उतरून तिथेच राहिलाही असेल, पण ती वाट सर्वांत शेवटी धरा.

डीएनए चाचणीवर आत्ता पैसे घालू नका. या कंपन्यांकडे ज्यांचे नमुने आहेत त्यांत कोकणातल्या गावात राहणारी माणसं फारच थोडी. तुमच्या गावातल्या चुलत्यानं चाचणी केलेली नसेल तर जुळणार कोणाशी? गाव सापडलं आणि एखाद्या घराबद्दल शंका उरली, दोन्ही बाजू राजी असल्या, तर तेव्हा तिचा उपयोग आहे.

आता सगळ्यात नाजूक भाग. साठ वर्षांनी तुम्ही वाडीत गाडीतून उतरलात की समोरच्याच्या मनात पहिला विचार येणार, ‘हिस्सा मागायला आले’. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांनी ती जमीन राखली, घरपट्टी भरली, देवाचं केलं, म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळलं. पहिल्या भेटीत सातबाऱ्याची झेरॉक्स बाहेर काढू नका, मोबाइलवर घराचे फोटो घेत फिरू नका. आधी देवळात जा, गुरवाला भेटा, नारळ ठेवा. मग घरी गेल्यावर वडिलांनीच, थोरल्याच्या पाया पडून, स्पष्ट बोलावं: ‘मला काही नको, माणसं बघायला आलोय.’ जमिनीचा हक्क सोडायचा की नाही हा पुढचा आणि वेगळा विषय आहे. तो वकिलाला विचारून, सावकाश ठरवा. त्या दिवशी कशावरही सही करू नका आणि कशावर सही मागूही नका. एखादी न ऐकवणारी गोष्टही कानावर येईल: दत्तक, दुसरी बायको, भावाभावांतलं भांडण. आजोबा गावाला का जाईनासे झाले याचं उत्तर कदाचित तिथेच असेल. ऐकून घ्या, वाद घालू नका.

गाव नक्की झालं तरी लगेच धावू नका. शक्य असेल तर शिमग्याला जा. फाल्गुन पौर्णिमेच्या आगेमागे प्रत्येक गावचा दिवस वेगळा असतो, गुरवाकडून नाहीतर मुंबईच्या मंडळाकडून आधी विचारून घ्या. त्या दिवसांत चाकरमानी आलेला असतो, घरं उघडी असतात, मनंही सैल असतात. आणि पालखी घरोघर फिरते. वीसेक वर्षांपूर्वी तुमच्याच तालुक्यातल्या एका वाडीत मी पालखीबरोबर चालत होतो. पाच घरं झाली आणि सहाव्या ठिकाणी घर नव्हतंच. नुसतं जोतं, त्यात करवंदीचं जाळं माजलेलं. पालखी थांबली. खांद्यावरून उतरवून जोत्यावर टेकवली, शेजारच्या घरातल्या बाईनं आपल्या हातची ओटी भरली, आणि गुरवानं गाऱ्हाणं घातलं: ‘मुंबईस असलेल्या लेकरांस सुखी ठेव, त्यांची वाट मोकळी कर.’ मी विचारलं, हे घर कोणाचं? म्हणाले, नाव आता आठवत नाही, पण मान त्यांचा आहे, म्हणून दरवर्षी थांबतो.

वाडीत पोचलात की असं रिकामं जोतं कुठे आहे ते विचारा. वडिलांना उभं राहवत नसेल तर बरोबर एक घडीची खुर्ची ठेवा. त्या वाटांना पायऱ्या फार असतात.